न बोलणाऱ्यांची पलटण

विमानाचं तिकीट काढताना पडद्यावर माणसांच्या तीन जाती दिसतात: अ‍ॅडल्ट, चाइल्ड आणि इन्फंट. बारा वर्षं पूर्ण झालेला तो अ‍ॅडल्ट, दोनाच्या पुढचा चाइल्ड आणि दोन वर्षांच्या आतला इन्फंट. पहिल्या दोघांना खुर्ची मिळते, तिसऱ्याला मांडी. आता खुर्ची नसलेल्या या प्रवाशाचं विमानात किती चालतं, हे पुणे-दिल्ली प्रवास त्याच्याशेजारी बसून केलेल्या माणसालाच विचारावं. वैमानिकाची घोषणा कुणी ऐकत नाही. इन्फंटची घोषणा मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकूण एक माणूस ऐकतो. हवाईसुंदरी धावत येते, पलीकडचे गृहस्थ किल्ल्या वाजवून दाखवतात, पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाई मागे वळून सांगतात, "कानात दडे बसलेत हो त्याच्या, पाजा म्हणजे थांबेल." आणि शब्दकोश उघडावा, तर इन्फंट या शब्दाचा मूळ अर्थ काय निघतो? न बोलणारा.

लॅटिनमध्ये 'फारी' म्हणजे बोलणे. त्याला नकाराचा 'इन' लावला की झाला 'इन्फान्स', म्हणजे ज्याला वाचा नाही तो. फ्रेंचांनी त्याचा 'आंफां' केला आणि तो कुठल्याही वयाच्या मुलाला लावला, मग ते मूल दिवसभर कितीही टकळी चालवो. इंग्रजांनी इन्फंट केला आणि पाळण्याजवळ ठेवला. पोलिश आणि चेक लोकांनी लॅटिनकडून काही उसनं न घेता आपापल्या भाषेत तान्ह्यासाठी जे शब्द घडवले, त्यांचाही अर्थ 'न बोलणारं' असाच आहे. याच स्लाव लोकांनी शेजारच्या जर्मन माणसाला जे नाव दिलं, तेही 'मुका' या अर्थाच्या शब्दावरून. जर्मन माणूस काही मुका नव्हता. तो बोलायचा ते यांना कळायचं नाही, एवढंच.

हा 'फारी' आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातला 'भण्' धातू त्याच्याच कुळातला. भण्‌चं प्राकृतात 'भणइ' झालं आणि मराठीत येता येता 'म्हणणे'. म्हणजे आपण उठल्यापासून झोपेपर्यंत 'मी म्हणते', 'ते म्हणाले', 'म्हणूनच तर' असं जे करत असतो, ते सगळे इन्फंटमधल्या 'फ'चे चुलतभाऊ. अभंगाच्या शेवटी येणारं 'तुका म्हणे' आणि तिकिटावरचं इन्फंट ही एकाच घराण्यातली दोन नावं. एक म्हणणारा, दुसरा न म्हणणारा. ग्रीकमधून आलेला फोनसुद्धा त्याच खानदानातला. भरवताना बाळाच्या समोर फोन धरायची आजकालची पद्धत मला पटत नाही, पण घरातलीच वस्तू घरातल्याला दिली असं आता कुणी म्हणालं, तर माझी पंचाईत होईल.

नशिबाला इंग्रजीत जो फेट हा शब्द आहे, तोही इथलाच. फेट म्हणजे 'बोललं गेलेलं'. देवाच्या तोंडून एकदा निघालं, आता बदल नाही. आपलं नशीब बोललेलं नसतं, लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारी सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येते, असा मला आपल्या वेगळेपणाचा अभिमान होता. मग कळलं की रोमन लोकही बाळाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी 'फाता स्क्रिबुंदा'ला, म्हणजे लिहिणाऱ्या नियतीला, आवाहन करत. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रथा नाक मुरडत नोंदवून ठेवली आहे. तो आमच्याकडे नातीच्या पूजेला आला असता, तर त्याने आणखी मुरडलं असतं. पाटावर सगळं मांडून झालं होतं, कोरा कागद होता, बोरू आता कुठून आणायचा म्हणून जावयांच्या खिशातलं पेन ठेवलं होतं. दिवा लावून सगळे उठले आणि माझी मावशी आतून ओरडली, "अगं, टोपण काढून ठेवलंत का? नाहीतर सटवाई काय दातांनी काढणार आहे?"

रोमन माणूस देवांच्या बाबतीत आपल्याइतकाच उदार होता. पाळण्याभोवती त्याने खातेवाटप करून देव बसवले होते. मूल जन्माला आल्यावर पहिला टाहो फोडतं, तो 'वातिकानुस' या देवाच्या अखत्यारीत. व्हॅरो नावाचा त्यांचा पंडित तर सांगतो की, बाळाच्या तोंडून पहिला आवाज निघतो तो या देवाच्या नावातलं पहिलंच अक्षर. पुढे पोर पहिला शब्द बोललं की फाबुलिनुसचा मान. हा बोलण्याचा देव, अर्थात 'फारी'च्याच गोत्रातला. आपल्याकडे बोलायला शिकवणारा स्वतंत्र देव मला आठवत नाही. आपण ते काम वेखंडावर सोपवलं आहे. बाळगुटीची सहाण पुढे ओढून आजी त्यावर हिरडा, मुरडशेंग, जायफळ असं एकेकाचे वळसे मोजून उगाळते आणि वेखंडापाशी आली की एक वळसा जास्त देते. वाचा लवकर फुटावी म्हणून. वाचा फुटल्यावर वर्षभरात हीच आजी "जरा गप्प बस की गं" असं म्हणते, त्यावरचा उतारा मात्र गुटीच्या पुडीत नसतो.

पण मुळात हा आरोपच खोटा आहे. तान्हं मूल बोलत नाही, असं ज्याने ठरवलं त्याच्या घरी तान्हं मूल नसणार, किंवा असलं तरी तो रात्री दुसऱ्या खोलीत झोपत असणार. संत ऑगस्टीनला यातलं जास्त कळत होतं. आजच्या अल्जीरियात 354 साली जन्मलेला हा बिशप आपल्या आत्मचरित्रात तान्हेपणाचा हिशेब मांडतो. ते दिवस त्याला आठवत नव्हते, म्हणून इतर बाळांकडे बघून त्याने तो मांडला. तो म्हणतो, मला मनातलं सांगता येत नसे, म्हणून मी हातपाय झाडायचो. मोठी माणसं माझी गुलाम नसूनही माझं ऐकत नाहीत, याचा मला राग यायचा आणि त्याचा सूड मी रडून घ्यायचो. सूड! बाळाच्या रडण्यासाठी इतका नेमका शब्द बालसंगोपनाच्या पुस्तकांत कुणी वापरला नसेल.

आणि रडणं तरी कुठं एकसारखं असतं? 2009 साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाच्या काथलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. तीस फ्रेंच घरांतली, तीस जर्मन घरांतली, सगळी काही दिवसांची. फ्रेंच बाळांचा सूर खालून वर चढत जायचा, जर्मन बाळांचा वरून खाली उतरायचा, आणि हाच त्या दोन भाषांच्या बोलण्याचा हेल आहे. आईच्या पोटात शेवटचे तीन महिने कान देऊन बसलेली ही मुलं बाहेर येताना निदान भाषेची चाल घेऊन आली होती. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सुभद्रेच्या पोटातल्या अभिमन्यूचं उदाहरण आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलोत. फक्त तिथे आईला डुलकी लागल्यामुळे अभ्यासक्रम अर्धा राहिला. मराठी बाळांच्या सुराचं काय? वऱ्हाडातलं पोर आणि मालवणातलं पोर एकाच हेलात रडत असेल, हे मला कुणी सांगून पटणार नाही.

कानाची आणखी एक गोष्ट सांगते. ती मला फार आवडते. कॅनडातल्या व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. 1984 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्या दोन अक्षरांतला फरक अगदी सहज कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना कळत नव्हता. आणि दहा-बारा महिन्यांची होईतो बाळांचीही ती समज बहुतेक गेलेली होती, कारण घरात 'त' आणि 'ट' वेगळे काढायची गरजच कुणाला पडत नव्हती. म्हणजे 'टुम क्या मांगटा' असं जन्मभर बोलत राहिलेल्या प्रत्येक गोऱ्या साहेबाला पाळण्यात असताना 'वात' आणि 'वाट' यांतला फरक समजत होता. इन्फंट होता तोवर साहेबाचे कान शाबूत होते. तो बोलायला लागला आणि आपली बाराखडी त्याच्या हातून गेली.

या न बोलणाऱ्यासमोर भाषा खरं तर मोठ्यांचीच जाते. आमचे एक नातेवाईक बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. कर्ज नाकारताना सुद्धा ते पूर्ण वाक्यात नाकारत. नातीला बघायला आले, पाळण्यावर वाकले आणि म्हणाले, "ऑलेले, कोन लबाल हशतंय? कोन हशतंय शांग?" नात त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी पूर्वी त्यांच्याच टेबलासमोर बसलेल्या कर्जदारांच्या तोंडावर पाहिलेली आहे. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वगुरू क्विंटिलियन याला हे खपलं नसतं. भावी वक्त्याची दाईसुद्धा शुद्ध बोलणारी हवी, कारण मूल पहिले शब्द तिचेच ऐकतं, असा त्याचा आग्रह. पण 1985 साली अ‍ॅन फर्नाल्ड या अभ्यासिकेने चार महिन्यांच्या बाळांना दोन्ही तऱ्हेचं बोलणं ऐकवून पाहिलं, तेव्हा त्यांनी उंच पट्टीतलं, लाडिक, हेल काढून केलेलं बोलणंच जास्त पसंत केलं. तेव्हा क्विंटिलियनपेक्षा आमच्या बँकवाल्यांचा मार्ग बरोबर. उच्चारांचं काय करायचं ते पुढे शाळा बघून घेईल.

बाळाशी कुणीच काही बोललं नाही तर काय होतं, हे अकबर बादशहाने करून पाहिलं होतं. माणसाची मूळ भाषा कोणती, हे त्याला शोधायचं होतं. काही तान्ही मुलं त्याने वेगळ्या वाड्यात ठेवली, सांभाळायला दाया ठेवल्या, पण त्यांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही असा हुकूम. लोक त्या वाड्याला गुंग महाल म्हणायचे, म्हणजे मुक्यांचा महाल. 1582 साली बादशहा तिथे पाहायला गेला, असं अबुल फझलने लिहून ठेवलंय. मुलांना बोलता येत नव्हतं. कुठलीच भाषा नाही. दरबारात इतके विद्वान असताना, आधीच एखाद्या दाईला विचारलं असतं तर तिने हे उत्तर त्याला फुकटात दिलं असतं. फक्त तिला तोंड उघडायची परवानगी द्यावी लागली असती.

आणि सरळ चाललेल्या घरात पहिला शब्द येतो, तेव्हा तो कुणाच्या खात्यावर जमा करायचा यावरून भांडण. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलंय की, दूध पिताना ओठ मिटलेले असतात, आवाज नाकातून निघतो, आणि त्यातूनच जगभरातल्या आयांना 'म' हे अक्षर मिळालं. बाळ कुणाला हाक मारत नसतं, भूक सांगत असतं. मराठी घरात ही गोष्ट सिद्ध करायची गरजच नाही, कारण आपण जेवणालाच 'मंमं' म्हणतो. पण बाळाने 'ममम' केलं की आई म्हणते मला मम्मा म्हणाली, आजी म्हणते भूक लागली असेल, आणि बारशाला चांदीचा वाळा घेऊन आलेले मामा तर थेट उठून उभेच राहतात. जॉर्जिया देशात 'मामा' म्हणजे बाप. तिथे हा कज्जा आणखी एका दावेदारासह चालत असणार.

रोमन कायद्यात इन्फंटची हद्द सात वर्षं होती. सात वर्षांचं पोर, ज्याने आतापर्यंत निदान तीन शेजाऱ्यांची गुपितं चौकात सांगितली असतील, ते कायद्याच्या लेखी न बोलणारं! याचा उलगडा सोपा आहे. कराराचे ठरलेले शब्द उच्चारून स्वतःला बांधून घ्यायचं बोलणं त्याला येत नाही, असं कायदा म्हणत होता. बडबड कितीही करो, ती जमेत धरली जात नाही. इन्फंट म्हणजे ज्याला तोंड नाही तो नव्हे, ज्याच्या तोंडाला किंमत नाही तो. एकदा हा अर्थ धरला की त्या शब्दाची बाकीची भावंडं कुठे कुठे जाऊन बसली, ते कळायला लागतं.

सैन्यात, उदाहरणार्थ. इटालियनमध्ये 'इन्फांते' म्हणजे पोरगा. सरदार घोड्यावर, त्याच्या मागून पायी धावणारा तो इन्फांते. अशी पोरं शेकड्यांनी जमली की इन्फन्तेरिया, आणि सोळाव्या शतकात तीच इंग्रजीत गेल्यावर इन्फन्ट्री. पायदळाला मत विचारायची पद्धत कुठल्याच देशात नव्हती, तेव्हा नाव शोभलं. आपणही पोरांच्या घोळक्याला पलटण म्हणतो, म्हणजे इटालियन माणूस पोरांवरून सैन्याकडे गेला आणि आपण सैन्यावरून पोरांकडे आलो. मात्र 1768 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या शिपायांच्या पलटणीपासून जिचा इतिहास सुरू होतो, त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या केंद्रात जाऊन 'तुमच्या नावाचा मूळ अर्थ न बोलणारी पोरं असा आहे' हे सांगायची माझी छाती नाही. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही त्यांची रणगर्जना. तिचा पहिलाच शब्द 'बोल' आहे.

राजघराण्यांत हा शब्द आणखी मजेत राहिला. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये गादीचा वारस सोडून राजाच्या बाकीच्या मुलांना इन्फांते, मुलींना इन्फांता म्हणायची रीत. वय कितीही वाढो. स्पेनचे आजचे राजे सहावे फेलिपे यांच्या थोरल्या बहिणी एलेना आणि क्रिस्तीना. पहिलीचा जन्म 1963चा, दुसरीचा 1965चा. एलेनाबाईंनी साठी ओलांडली तरी त्या इन्फांताच आहेत. दोघीही भावापेक्षा मोठ्या, पण मुलगा आधी या नियमाने गादी धाकट्याकडे गेली. त्यांचं बोलणं धरायचं नाही, हे किताबातच लिहिलेलं होतं म्हणायचं.

असाच एक इन्फांते गोव्यात येऊन गेला आहे. 1895 साली गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं आणि सत्तरीचे राणे त्यात उतरले. ते मोडायला लिस्बनहून फौज निघाली. तिच्याबरोबर आला राजाचा धाकटा भाऊ, तीस वर्षांचा इन्फांते दों आफोंसु. पुढे 1896 साली तो काही काळ इथे व्हाइसरॉयही होता. म्हणजे 'जाणार नाही' असं तोंडाने स्पष्ट बोललेल्या पायदळाला गप्प करायला एक किताबाने न बोलणारा आला. हा गृहस्थ प्रत्यक्षात मात्र मुळीच अबोल नव्हता. त्याला मोटारींचं वेड. लिस्बनच्या रस्त्यांतून भरधाव गाडी हाकताना तो लोकांना "आरेदा! आरेदा!" म्हणजे 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' असं ओरडत सुटायचा. गावाने त्याचं नावच 'आरेदा' पाडलं. हॉर्नचं काम तोंडाने करणारा इन्फंट इतिहासात हा एकच असावा.

पण या शब्दाची खरी चंगळ झाली ती इंग्रजांच्या कोर्टात. तिथे एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस इन्फंट. मिशा आल्या, मतं आली, प्रेमभंग होऊन गेला, तरी इन्फंट. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकणाऱ्या इनमन नावाच्या अशाच एका इन्फंटने लंडनच्या नॅश नावाच्या शिंप्याकडून बरेच कपडे शिवून घेतले. त्यात अकरा झकपक वेस्टकोट होते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हे प्रकरण कोर्टात गेलं. नियम असा की इन्फंटला गरजेची वस्तू विकली असेल तरच तिचे पैसे मागता येतात. इनमनच्या वडिलांनी येऊन सांगितलं की पोराकडे कपडे मुबलक आहेत. 1908 साली अपील कोर्टाने शिंप्याच्या विरुद्ध निकाल दिला. आपल्याकडेही 1895 साली कलकत्त्याच्या धर्मोदास घोषने घरं गहाण टाकून वीस हजारांचं कर्ज काढलं. व्यवहार व्हायच्या आधीच त्याच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या वकिलाला चिठ्ठी पाठवली होती की बाबू अजून इन्फंट आहेत, पैसे दिलेत तर आपल्या जबाबदारीवर द्या. त्याने दिले. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्द ठरवला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला आजही पाठ असतो. इंग्लंडने 1969चा कायदा करून वय अठरावर आणलं आणि इन्फंटऐवजी मायनर म्हणायला मोकळीक दिली. उशिरा का होईना, लाज वाटली.

आपण मराठीत त्याला अज्ञान म्हणतो. त्यांच्याकडे वाचा नाही, आपल्याकडे ज्ञान नाही. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता पोरगा सज्ञान होतो, हे वाचून त्याच्या आईला जे हसू येतं, त्याची नोंद कायद्याने घेतलेली नाही. सातबाऱ्यावर अशा मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असा शेरा पडतो: अज्ञान पालनकर्ता आई. पोर सज्ञान झालं की अर्ज करून, फेरफार नोंदवून तो काढून घ्यायचा. नाही घेतला तर तो आपणहून जात नाही.

गावाकडचे आमचे आप्पा भावजी, माझे चुलत दीर, असेच अज्ञान आहेत. वडील गेले तेव्हा ते शाळेत होते. आता डोक्यावर एकही काळा केस नाही, दोन नातवंडं शाळेत जातात, गावातली भांडणं ते सोडवतात, आणि सातबाऱ्यावर अजून 'अ.पा.क. आई'. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. यंदा शेरा काढायला गेले, तर तलाठ्याने वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागितला. "वहिनी," ते मला म्हणाले, "मी त्याला म्हटलं, टोपी काढून दाखवू का? तर म्हणतो, टोपी चालत नाही, दाखला आणा." कंटाळून ते म्हणत होते की राहू दे, काय अडलंय माझं?

मी त्यांना इनमनच्या अकरा वेस्टकोटांची गोष्ट सांगितली. म्हटलं, उलट चैन करा भावजी, तुमच्याकडून कुणाला वसूलच करता येणार नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. हसले नाहीत. तंबाखू मळता मळता थांबून म्हणाले, "आन्‌ त्या शिंप्याचं वो? पैसे बुडाले त्याचे?"

"बुडाले."

"मंग काढूनच टाकला पाहिजे शेरा," आप्पा भावजी उठत म्हणाले. "खतवाल्याच्या कानावर गेलं तर उद्यापासून गोणी द्यायचा नाही उधारीवर."